मी बँकेतून बोलतोय

सरकारने कशाचाही कायदा करावा, पण टेलिफोनचा करू नये. कायदा छापून येईपर्यंत टेलिफोनच बदललेला असतो. आपल्याकडे तारेचा कायदा झाला 1885 साली. पुढे घरोघरी फोन आले, खिशात मोबाइल आले, 2013च्या जुलैत खुद्द तार बंद पडली; पण मोबाइल कंपन्यांना वेसण त्या तारेच्याच कायद्याची! शेवटी 2023 साली संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला आणि 138 वर्षांच्या आजोबांना निवृत्तीची नोटीस मिळाली. आमच्या बँकेत साठाव्या वर्षीच नारळ देतात.

पूर्वी सगळं सोपं होतं. टेलिफोन सरकारचा, तारा सरकारच्या, नियमही सरकारचे आणि तक्रार करायची तीही सरकारकडेच. म्हणजे सासूविरुद्धचा अर्ज सासूच्याच हातात द्यायचा! खाजगी कंपन्या मैदानात आल्यावर मात्र पंच हवा झाला, म्हणून 1997 साली ‘ट्राय’ नावाचं नियामक प्राधिकरण नेमलं. त्या काळी मोबाइलवर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडायचे. सासरचा नंबर दिसला की जावई फोन कापत आणि समोरच्या एसटीडी बूथवरून परत करत. ही प्रथा मोडली 1 मे 2003 रोजी. महाराष्ट्र दिनाची एवढी रोकडी भेट आम्हाला पुन्हा मिळालेली नाही.

महाराष्ट्रावरून आठवलं. 1967च्या जनमत कौलात गोव्याने आपल्यात यायला साफ नकार दिला. दूरसंचार खात्याने मात्र परवान्यांसाठी मंडळं आखताना गोवा महाराष्ट्रात घातला आणि मुंबई वेगळी काढली! त्या हिशेबाने आमचं छत्रपती संभाजीनगर पणजीच्या घरातलं आणि दादरला परकं.

असो. नोव्हेंबर 2024ची गोष्ट. सिडकोतल्या एका निवृत्त मास्तरांचा हयातीचा दाखला यायचा राहिला होता. दाखला नाही तर पेन्शन बंद. म्हणून मी मुद्दाम फोन लावला. “मास्तर, मी बँकेतून बोलतोय,” एवढंच म्हणालो. पुढची दोन मिनिटं मास्तर बोलले. माझं घराणं, माझ्यावरचे संस्कार आणि मला पडणार असलेल्या बेड्या, असे तिन्ही विषय त्यांनी सविस्तर घेतले आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर.

“साहेब, काल एका भामट्याचा फोन आला होता. आवाज अगदी हुबेहूब तुमचा! पण तुम्हीच बजावलं होतं ना, बँकेतून बोलतोय म्हणाला की ठेवून द्यायचा? असा झाडलाय त्याला!”

“बरं केलंत,” मी म्हणालो आणि दाखल्याचा फॉर्म पुढे सरकवला. ते हयात असल्याबद्दल माझी तर कालच खात्री पटली होती.

शाखेत सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना मनात आलं, चोरांनी मास्तरांचा एक रुपयाही नेला नाही. नेला तो माझा आवाज. वीस वर्षं ज्या आवाजावर लोकांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या, तोच आता चोरीचा माल ठरला. बँकेकडे दुसरं भांडवल तरी काय असतं?

ट्रायने यावर तोड काढली. बँकांनी कामाचे फोन 1600ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचे, त्यासाठी 1 जानेवारी 2026 ही मुदत. जाहिरातवाल्यांसाठी 140 वेगळा. नियम चांगला आहे. म्हणून मास्तर पासबुक भरायला आले तेव्हा मी त्यांना बसवून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी खिशातल्या डायरीत नीट लिहून घेतलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडे निरखून पाहत विचारलं,

“पण साहेब, हे सांगणारे तुम्हीच, हे कशावरून?”

मी दोन चहा मागवले. पैसे मीच दिले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. भामटे पैसे नेतात. स्वतःच्या खिशातून चहा पाजत नाहीत. निदान अजून तरी.