मीठ कोणी टाकलं?

आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर चिनी मातीच्या चार मोठ्या बरण्या आहेत. खाली पांढरट, गळ्याशी तपकिरी, प्रत्येकीत दहा-बारा लिटर पाणी मावेल एवढ्या. दिसतात लोणच्याच्या आणि आहेतही लोणच्याच्याच. पण त्यांत लोणचं कधी पडलं नाही. हा आजीचा नियम. घरात कैऱ्यांचा ढीग लागायचा, शेजारून बरण्या उसन्या यायच्या, पण माळ्यावरच्या चार खाली यायच्या नाहीत. "करंट प्यायलेल्या बरण्या आहेत त्या," ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, झाकण काढलं की आतला करंट अंगावर उडी मारणार.

त्या बरण्या म्हणजे तात्यांचे, माझ्या आजोबांचे, डिमर होते.

तात्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. संध्याकाळी शटर ओढलं की हा माणूस हौशी नाटकांच्या तालमीला. अभिनयाची हौस नव्हती, उजेडाची होती. नाटकात पहाट व्हायची असेल तर दिवा हळूहळू उजळला पाहिजे, बटण दाबून पहाट होत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. पण विजेचा दिवा हळूहळू उजळवणं ही साठ-सत्तर वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या हौशी मंडळीला परवडणारी गोष्ट नव्हती. तयार डिमर महाग, आणि भाड्यानं आणायचे तर पुण्या-मुंबईहून. मग बरणी.

बरणीत पाणी. पाण्यात मीठ. तळाशी शिशाचा एक पत्रा, त्याला एक वायर. वर दोरीला टांगलेला दुसरा पत्रा, त्याला दुसरी वायर. ही बरणी दिव्याच्या वाटेत घालायची. नुसतं पाणी वीज फारशी जाऊ देत नाही, मीठ टाकलं की जाऊ देतं. पत्रे लांब असले की वाट अवघड, दिवा मंद. दोरी सोडत गेलं की पत्रे जवळ येतात, दिवा फुलत जातो. बस. चार बरण्या, चार दोऱ्या, चार हजार वॅट. पाण्यात थेट २३० व्होल्ट खेळत असायचे, त्यामुळे तात्यांचे दोनच नियम होते: पायात रबरी चप्पल आणि एक हात कायम खिशात. खिशातल्या हाताचं कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून बाहेर पडायला निघाली, तर वाटेत हृदय लागतं.

हे सगळं खेडवळ जुगाड वाटेल, पण तसं नाही. मिठाच्या पाण्याचे डिमर युरोपातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांतही होते. गंमत अशी की गॅसच्या दिव्यांच्या काळात ही अडचणच नव्हती. तोटी फिरवली की अख्खं स्टेज मंद. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये जोसेफ स्वानचे बाराशेच्या आसपास विजेचे दिवे लागले, आणि तोटीनं फुकट मिळणारी गोष्ट पुन्हा नव्यानं शोधावी लागली. कुणी तारेची लांबलचक वेटोळी वापरली, कुणी मिठाचं पाणी. दोन्हींचं तत्त्व एकच: नको असलेली वीज वाटेत जाळून टाका.

तारेच्या डिमरमध्ये आणखी एक खोड होती. तो ठरावीक वॅटच्या दिव्यासाठीच बनवलेला असायचा. हजार वॅटच्या डिमरवर शंभर वॅटचा बल्ब लावला की तो पूर्ण विझतच नाही. मग विंगेमागे प्रेक्षकांना न दिसणारा दुसरा मोठा दिवा उगीच जळत ठेवायचा, डिमरला ओझं वाटावं म्हणून. बरणीला हे लाड लागत नाहीत. दिवा लहान तर मीठ कमी, दिवा मोठा तर मीठ जास्त. मला विचाराल तर बरणीच जास्त हुशार.

सांगलीचा उल्लेख अजून आला नाही, आणि नाटकाबद्दल बोलताना सांगलीला इतका वेळ ताटकळत ठेवणं तिथल्या लोकांना आवडणार नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं, तेलाच्या दिव्यांवर. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तो त्यावरूनच. साताऱ्याच्या नाटकवाल्यांना सांगलीचा धाक वाटायचा. तिथला प्रेक्षक चुकीला हसतो, असं तात्या म्हणायचे. तो हसला ती गोष्ट १९७६ ची.

ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी तिथे हजर होते असं मला कधीकधी वाटतं. नाटकाची स्पर्धा होती. शेवटच्या प्रवेशात म्हातारा खाटेवर मरतो. दिग्दर्शक पुण्याला काहीतरी पाहून आला होता आणि पडदा पाडणं जुनाट झालं असं त्यानं ठरवलं होतं. पडदा नाही, अंधार. दिवा मिनिटभरात हळूहळू विझत जाईल, अंधारात भजन सुरू राहील, म्हातारा उठून विंगेत जाईल.

तात्यांनी दोरी ओढली. दिवा मंद झाला, पिवळा झाला, लाल झाला, आणि लालच राहिला. दोरीला गाठ होती, पत्रा पाण्याबाहेर येऊन ठिणगी उडू नये म्हणून. गाठ कप्पीत अडकली, त्यापुढे दोरी येईना. स्टेजवर चुलीतल्या निखाऱ्याएवढा उजेड. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, त्याला काय कळणार? ठरल्याप्रमाणे तो उठला, धोतर सावरलं आणि चालू लागला. सांगली हसली. तात्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्याच मेनवर स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. अंधार झाला आणि भजन रेकल्यासारखं ओढत ओढत बंद पडलं. मग तर सांगली खुर्च्यांवरून खाली यायची बाकी होती.

परतीच्या टेम्पोत तात्यांनी एकच प्रश्न विचारला. "मीठ कोणी टाकलं?"

बरण्या भरायचं काम दुकानातल्या मुलाचं होतं. एकोणीस वर्षांचा, तात्यांचा उजवा हात. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आला नाही. पुढे मिरजेला त्यानं स्वतःचं दुकान काढलं. तात्यांनी बरण्या माळ्यावर ठेवल्या आणि पुन्हा कुठल्याही नाटकाची दोरी ओढली नाही. दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. घरी गोष्ट संपायची ती याच वाक्यानं: "...आणि त्या पोरानं दोन मुठी मीठ जास्त टाकलेलं!" सगळे हसायचे. तात्या हसायचे नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी इंजिनिअरिंगला सांगलीलाच होते. कॉलेजच्या नाटकांत प्रकाशयोजना मीच बघायचे, रक्तातच आहे म्हणून नव्हे, तर लेडीज हॉस्टेलच्या वेळेत बसणारं तेवढं एकच काम होतं म्हणून. तोवर सगळं बदललेलं. १९५०च्या दशकाच्या शेवटी थायरिस्टर आला, आणि वीज जाळण्याऐवजी कापणं सुरू झालं. सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक अर्ध्या लाटेचा हवा तेवढाच तुकडा दिव्याला द्यायचा. त्याच्यावर १९८६ पासूनची डीएमएक्सची भाषा: एका वायरीत ५१२ दिवे, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा. मी तात्यांना सांगितलं, आता दोरी नाही, आकडा असतो. त्यांनी विचारलं, "एकावरून शून्यावर येताना दिसतं का?" दिसतं. एलईडीला तर चांगलंच दिसतं. जुन्या दिव्याची तार तापलेली असते, ती सावकाश निवते, एलईडी पटकन मरतो. एका वाक्यात त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं. २०१७ मध्ये ते गेले.

आता थोडं माझ्या नोकरीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमची एक सिस्टिम रात्री चार तास बंद पडली. कारणमीमांसेचा अहवाल मी लिहिला. अशा अहवालात कुणाचं नाव घालायचं नसतं, तशी पद्धत आहे. मीही घातलं नाही. फक्त 'रात्री ११.४०चा बदल' असं लिहिलं, आणि तो बदल कुणाचा हे सगळ्या टीमला ठाऊक होतं. नव्यानं लागलेला मुलगा. तीन महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली. नंतर दुसऱ्याच कामात लॉग बघताना मला दिसलं की त्याचा बदल होण्याआधीच मेमरी भरत आली होती. तो नसता तरी ती रात्र तशीच गेली असती. मी अहवालात एक ओळ वाढवली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

त्यानंतर मी बरण्यांचं गणित मांडायला बसले.

हजार वॅटचा दिवा अर्धवट मंद ठेवला की बरणीत साधारण अडीचशे वॅट उष्णता तयार होते. दहा लिटर पाणी, अडीच तासांचं नाटक. बरणीच्या अंगातून थोडी उष्णता निघून गेली असं धरलं तरी पाणी चाळीसेक अंशांनी तापतं. आणि मिठाचं पाणी तापलं की दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी जास्त वीज जाऊ देतं. म्हणजे पहिल्या अंकात जी बरणी दिवा पूर्ण विझवत होती, ती शेवटच्या अंकात पावणेदोन पट वीज जाऊ देणार. दिवा लाल राहणारच. मुठीभर मिठाची गरजच नाही.

खात्रीसाठी पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत प्रयोग केला. २३० व्होल्टचा नाही. तात्यांची नात असले तरी तेवढी शूर नाही. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब, प्लॅस्टिकची उभी बरणी, पत्र्याचे दोन तुकडे. गार पाण्यात पत्रे वीस सेंटिमीटरवर नेले तेव्हा बल्ब जवळजवळ विझला. तेवढंच मीठ घातलेलं कढत पाणी ओतलं, पत्रे तिथेच. तार लाल झाली. निखारा. मी गॅलरीत उकिडवी बसून बराच वेळ त्या बल्बकडे बघत होते.

आईकडून मिरजेचा पत्ता काढला आणि एका शनिवारी गेले. काका आता सत्तरीला टेकलेले. दुकान मुलगा बघतो. तात्यांची नात म्हटल्यावर त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा सांगितला, आणि मग गप्प बसून राहिले. मी लॅपटॉप काढला. आकडे दाखवले, बल्बचा व्हिडिओ दाखवला. "काका, मिठाचा प्रश्नच नव्हता. पाणी तापलं होतं."

त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"मीठ मीच टाकलं होतं गं," ते म्हणाले. "दोन नाही, एक मूठ."

मध्यंतरात व्होल्टेज पडलं होतं. सगळा उजेड पिवळा. दिग्दर्शक आत येऊन ओरडला, चेहरे दिसत नाहीत. तात्या बाहेर बिडी ओढायला गेलेले. "मला वाटलं, मीठ वाढवलं की उजेड वाढेल. नाही वाढत. पत्रे चिकटवले की बरणी तशीही पुरं देते, व्होल्टेजच नसेल तर मीठ काय करणार? हे पुढं दुकान टाकल्यावर कळलं."

मी हिशेब केला. एका मुठीनं फार तर दीडपट. तापण्यानं पावणेदोन पट. "तरी तापण्याचाच वाटा मोठा आहे. तुम्ही मीठ टाकलं नसतं तरी दिवा लाल राहिलाच असता."

"पाणी तापतं ते तात्यांना ठाऊक नव्हतं होय?" काका पहिल्यांदा थोडे रागावल्यासारखे झाले. "पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असायच्या विंगेत. मध्यंतरात अर्धं ऊन पाणी काढायचं, गार भरायचं, मग चिमटीनं मीठ. दर प्रयोगाला. ते काम माझं. त्या दिवशी उजेड कमी म्हणून मी पाणी बदललंच नाही. गार पाण्यानं आणखी कमी होईल, असं वाटलं."

बादल्यांबद्दल घरी कधीच कुणी बोललं नव्हतं. माझ्या गणितात त्या नव्हत्या.

"त्यांनी विचारलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "टेम्पोत आठ-दहा जणं होती. मी म्हटलं, उद्या दुकानात सांगू. मग उद्या गेलोच नाही."

चहा गार झाला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला. बरण्या आहेत का, विचारलं. मी म्हटलं, आहेत, आजीनं लोणचं घालू दिलं नाही कधी. "शहाणी बाई," ते म्हणाले. "शिशाचे पत्रे होते. लोणच्यात शिसं उतरलं असतं." मग जरा थांबून, "एक मला आणून देशील?"

दिवाळीला साताऱ्याला गेले तेव्हा माळ्यावर चढले. त्यातली एक पुसून, जुन्या साडीत गुंडाळून एसटीनं मिरजेला निघाले. बरणी मांडीवर. कऱ्हाडच्या पुढे मोबाइलमध्ये त्या मुलाचा नंबर काढला होता, तेवढ्यात कंडक्टर आला. बरणीकडे बघून म्हणाला, "लोणचं का?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग झाकण नीट धरा, तेल सांडतं.