मातीवाचून मळा

ज्या घरात मटकीला मोड आणण्याची रीत आहे, त्या घराला मातीवाचून अंकुर फुटतो हे कोणी नव्याने सांगावयास नको. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी रात्रीतून जागी होते. तिची शिदोरी मात्र बियातच असते. ती सरली की रोपाला नत्र, स्फुरद, पालाश, चुना इत्यादी क्षार बाहेरून मिळावे लागतात. हे क्षार पाण्यात विरघळवून मुळांना दिले तर मातीचे अडत नाही, असे सॅक्स व नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियातील प्रा. गेरिक यांनी १९२९ पासून ही युक्ती प्रयोगशाळेतून मोठ्या हौदांवर नेली व १९३७ साली तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले.

आपल्या देशात या विद्येचे बारसे झाले ते मोठ्या विलक्षण मुहूर्तावर. १९४३ साली बंगालात लक्षावधी माणसे अन्नान्न करून मेली. त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४६ साली, शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगच्या परिसरात मातीविरहित शेतीचे प्रयोग आरंभिले. खडी व वाळू यांनी भरलेल्या वाफ्यात कोरडी खते भुरभुरावयाची व वरून पाणी द्यावयाचे, इतकी ती सुटसुटीत पद्धत. महागडी यंत्रे तीत नव्हती. गरिबालाही जमावे असा तिच्यामागील हेतू उघड दिसतो.

हा सारा इतिहास आम्ही चाळून पाहिला, त्याला कारण आमच्या गिरगावातील चाळीची गच्ची. एका तरुण शेजाऱ्याने तेथे नळ्या टाकून मेथी-पालक पिकविण्याची योजना मांडली. जगावर अन्नटंचाईचे सावट आहे, तेव्हा शहरांनी आपले अन्न आपणच पिकवावे, असे त्याचे म्हणणे. सभेत कोपऱ्यातल्या खोलीतील वृद्ध आजींनी विचारले, “अरे, भाजी देशील रे, पण ती कशाशी खायची?” तो म्हणाला, “आजी, तुम्ही आधी पालक तर खाऊन बघा!” सभा हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी जाण्यासारखा नव्हता.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्याला ५ किलो धान्य ठरविले आहे. त्यातून सुमारे १७,५०० कॅलरी मिळतात. तितकीच ऊर्जा पालकाने पुरवावयाची, तर एका माणसाला महिन्याला जवळजवळ ७० किलो पालक खावा लागेल! तांदूळ-गहू नळ्यांत पिकविता येत नाहीत असे नाही. परंतु त्यांना जागा व ऊन इतके लागते, की गच्चीचा भात सोन्याच्या भावाने पडेल. आजींचा हिशेब पेन्सिलीवाचूनच बरोबर होता.

म्हणून ही विद्या टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. मुंबईत रुळांकडेच्या जमिनीवर रेल्वेच्या ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली पालेभाजी होत असे, आणि तिला नाल्याचे पाणी पाजतात ही तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकली. नळीतील भाजीला निदान पाणी कोणते मिळते हे आपल्या डोळ्यांदेखत असते. तेच पाणी फिरून फिरून वापरल्याने ते थोडके पुरते. मात्र वीज गेली व पंप थांबला, की मुळे काही तासांत माना टाकतात. माती ही अशा वेळी सबुरी दाखविते, नळी दाखवीत नाही. भाताबरोबरची भाजी चांगली मिळावी, एवढ्यासाठी या मळ्याचे आम्ही स्वागतच करू. भाताच्या जागी तो बसविणे मात्र कोणाच्याही हिताचे नाही.

कारण भूक ही केवळ पिकाची उणीव नव्हे. बंगालच्या दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले, की माणसे मेली ती मुख्यतः धान्य विकत घेण्याचे बळ गेल्यामुळे. त्याच्या पुढच्याच वर्षी लालबाग-परळने हा धडा घरबसल्या गिरविला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले. वाण्याच्या दुकानातील पोती होती तेथेच होती, पण कामगाराच्या घरचे डबे रिकामे होत गेले. अशा वेळी गच्चीवर मळा असता, तरी तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उरलाच असता.

याच गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालून संसार चालविणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. किराणा उधारीवर, व्याज सावकाराचे, अशी त्यांची कोंडी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले व या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. त्यात नवे बियाणे नव्हते की नवे यंत्र नव्हते. रांधणाऱ्या हातात भांडवल आले आणि ताटे भरत राहिली. अन्नटंचाईवर उपाय शोधणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी नळ्यांची मापे जरूर घ्यावीत. पण एकदा परळच्या त्या चुलींचाही हिशेब मांडून पाहावा. पीक कोठे उगवते याइतकेच, ते विकत घेण्याची ऐपत कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व आहे.