रात्र कॉलेजचे सोबती निवृत्त होताना

दिवसाचे कॉलेज आणि रात्रीचे कॉलेज यांत मोठा फरक असतो. दिवसाच्या कॉलेजात सगळा वर्ग एका वयाचा. तो एकदमच नोकरीला लागतो, एकदमच पोराबाळांचा होतो आणि एकदमच म्हातारा होतो. रात्रीच्या कॉलेजात तसे नसते. तिथे मिसरूड न फुटलेला पोरगा आणि दोन लेकरांचा बाप एकाच बाकावर बसून एकच पुस्तक वाचतात. म्हणूनच आम्ही आज पंचेचाळिशीत असलो तरी आमचे वर्गमित्र मात्र एकामागून एक निवृत्त होत आहेत.

१९९९ ते २००२ अशी तीन वर्षे आम्ही मुंबईच्या एका रात्र कॉलेजात बी.कॉम. केले. दिवसभर दुकानात बिले लिहायची आणि संध्याकाळी साडेसहाला वर्ग गाठायचा. पहिल्या तासाला झोप यायची. शेजारचा कोपराने ढोसून उठवायचा. साडेनऊला सुटलो की दोघांत एक वडापाव खाऊन लोकल पकडायची. आमच्या वर्गातले निम्मे लोक तिशी ओलांडलेले होते. त्यांनी शाळा सोडली ती काही हौसेने नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ, लालबाग, नायगाव भागातल्या कितीतरी घरांत रोजच्या भाकरीचे वांधे झाले. आठवी-नववीतली पोरे चहाच्या टपरीवर, छापखान्यात, हमालीला लागली. तीच पोरे पुढे रात्रशाळेतून दहावी झाली, बारावी झाली आणि बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी आमच्या शेजारी येऊन बसली.

आमच्या वर्गात माणसाला नावापेक्षा कामावरून ओळखत. पालिकावाले दादा, बँकवाल्या ताई, कुरिअरवाले दादा. आम्ही सर्वांत लहान म्हणून आम्हाला सारे 'धाकट्या' म्हणत. आजही म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले, की वर्षातून दोनदा तरी सगळ्यांनी भेटायचे. पहिल्या भेटीला अकरा जण आले. प्रत्येकाने आपापली हकीगत सांगितली. कुणाचा मुलगा पुण्यात इंजिनियर झाला, कुणाची मुलगी नर्स झाली, कुणी बदलापूरला घर घेतले. ऐकून बरे वाटले. ज्यांनी स्टेशनच्या दिव्याखाली बसून जर्नलच्या नोंदी शिकल्या, त्यांच्या लेकरांनी असे दिवस पाहावेत याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण घरी येताना एक गोष्ट आमच्या मनात टोचत राहिली. सगळ्यांनी मुलांचे सांगितले. आता आपले कसे चालणार, हे कोणीच सांगितले नाही.

दुसऱ्या भेटीत बँकवाल्या ताईंनी ही कोंडी फोडली. ताई बँकेत शिपाई म्हणून लागल्या, त्या पती वारल्यावर त्यांच्या जागेवर. पुढे बी.कॉम. झाल्या आणि क्लार्क झाल्या. त्या दिवशी त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "पीएफच्या कागदावर नॉमिनी कोण आहे? बघितलंय का कधी?" कोणी बघितले नव्हते. मग ताईंनी आपली हकीगत सांगितली. त्यांच्या पतीने लग्नाआधी नॉमिनी म्हणून आईचे नाव लिहिले होते. ते तसेच राहिले. आई आधीच वारलेली. दोन लहान लेकरे घेऊन ताईंनी चौदा महिने खेटे घातले, तेव्हा हक्काचे पैसे हाती पडले. ताई म्हणाल्या, "लग्न झालं की पहिलं नामनिर्देशन रद्द होतं, नवं भरावं लागतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यांना त्याच महिन्यात फॉर्म भरायला लावला असता."

त्या दिवसापासून आमच्या भेटीचा रंग पालटला. लोक पिशवीत कागद घेऊन येऊ लागले.

कागद पाहू लागलो तेव्हा कळले, की एकच डिग्री घेऊन बाहेर पडलेल्या माणसांचे म्हातारपण किती निरनिराळे असू शकते. आमच्यातले दोघे राज्य सरकारच्या कारकुनीच्या परीक्षेला मिळून बसले, मिळून पास झाले. एकाची नेमणूक २००४ ची, दुसऱ्याची २००६ ची. महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली. अभ्यास सारखा, काम सारखे. पण पहिल्याला शेवटच्या पगारावर ठरलेली पेन्शन, आणि दुसऱ्याला पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या पैशांचा भरवसा. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी याच प्रश्नावर संपावर गेले, त्यात हे दुसरे मित्रही होते. २०२४ मध्ये सरकारने सुधारित योजना आणली. तिच्यातला कोणता पर्याय धरावा, यावर आमची एक अख्खी दुपार गेली.

पालिकावाले दादा १९८९ साली वडिलांच्या जागी सफाई कामगार म्हणून लागले. डिग्रीनंतर खात्याची परीक्षा देऊन कारकून झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची पेन्शन पक्की आहे. पण ज्या वसाहतीत ते जन्मले, जिथे त्यांची मुले वाढली, ती खोली नोकरीची. नोकरी संपली की खोली सोडायची. ग्रॅच्युइटीचे पैसे आणि थोडी पेन्शन विकून त्यांनी वांगणीला एक खोली-स्वयंपाकघर घेतले. वहिनी म्हणाल्या, "घर झालं, पण शेजार कुठून आणायचा?" याला कोणत्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. आम्ही एवढेच केले, की त्यांची खोली लावायला सगळे मिळून गेलो आणि पुढची भेट वांगणीलाच ठेवली.

खाजगी नोकरीवाल्यांची कथा आणखी वेगळी. त्यांची पेन्शन पीएफमधून. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात. हिशेब असा, की पेन्शनसाठी धरलेल्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. १ सप्टेंबर २०१४ पासून हा पगार १५,००० पर्यंत धरू लागले. त्याआधीच्या सेवेला मर्यादा ६,५०० ची. म्हणजे वीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाला १५,००० च्या मर्यादेने पुरा हिशेब मिळाला, तरी महिना पाच हजारांच्या आतच. हा आकडा आम्ही पाटीवर मांडला तेव्हा सारे गप्प झाले.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे वळतो. ते म्हणजे कुरिअरवाले दादा. दिवसभर सायकलवर पाकिटे वाटून ते वर्गात येत. तरी अकाउंटन्सीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कच्ची तेरीज जुळली नाही की अख्खा वर्ग त्यांच्याकडे धावायचा. आमच्यातले निम्मे लोक त्यांच्या शिकवण्यावर पास झाले. असा माणूस आमच्या एकाही भेटीला आला नाही. फोन केला की म्हणायचे, "ड्युटी आहे."

शेवटी ताई आणि आम्ही एका रविवारी कळव्याला त्यांच्या घरी गेलो. दादा नुकतेच रात्रपाळीहून आले होते. एका सोसायटीच्या गेटवर बारा तासांची वॉचमनची नोकरी. वय एकोणसाठ. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली. मग ताईंनी विचारले, "भाऊ, येत का नाही?"

दादा खाली बघत म्हणाले, "काय सांगू तिथं येऊन? तुम्ही सांगणार, याची पेन्शन एवढी, त्याचं घर तिथं. मी काय सांगू? गेट उघडतो आणि गेट लावतो?"

वहिनी आतून म्हणाल्या, "ताई, यांनी डिग्रीचा कागदसुद्धा भिंतीवरून काढून पेटीत ठेवलाय."

डिग्री मिळाली तेव्हा दादा पस्तिशीला आले होते. जिथे जातील तिथे 'वय जास्त झाले' हेच उत्तर. एका वाहतूक कंपनीत हिशेबनीस म्हणून २००३ ते २००८ अशी पाच वर्षे दोन महिने काढली. कंपनी बंद पडली. मग सात वर्षे अशा ठिकाणी, जिथे पीएफ हा शब्दही कोणी काढत नसे. नंतर भिवंडीकडे एका कारखान्यात चार वर्षे पाच महिने. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले आणि तेही काम गेले. त्यानंतर वॉचमनकी. तिथला कंत्राटदार पगारातून पीएफ कापतो, पण खात्यात भरत नाही.

पेटीतून कागद काढता काढता एक अर्धवट भरलेला टेन-सी फॉर्म हाती लागला. हा फॉर्म पेन्शन खात्यातले पैसे काढून घेण्याचा. दादा म्हणाले, "एका एजंटानं सांगितलं, दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शन बसत नाही. आहे ते काढून घ्या. तीन हजार घेतो तो."

आम्ही म्हणालो, "दादा, दोन्ही नोकऱ्यांची बेरीज करा."

त्यांनी पेन्सिल घेतली. पाच वर्षे दोन महिने, अधिक चार वर्षे पाच महिने. नऊ वर्षे सात महिने. "बघ, दहा होत नाहीत," ते म्हणाले. आम्ही त्यांना नियम सांगितला. एकूण सेवेत सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा असला तर तो पूर्ण वर्ष धरतात. नऊ वर्षे सात महिने म्हणजे दहा वर्षे. आणि दहा वर्षे म्हणजे पेन्शन. मात्र मधल्या काळात पेन्शनचे पैसे काढलेले नकोत, आणि दोन्ही खाती एकत्र जोडलेली हवीत. दादांनी पैसे काढले नव्हते. पहिल्या कंपनीचे एक जुने पगारपत्रक पेटीत सापडले, त्यावर खाते क्रमांक होता.

दादांनी ती बेरीज पुन्हा एकदा केली. मग टेन-सी फॉर्म घडी घालून बाजूला ठेवला.

पुढे नावातल्या एका अक्षराचा फरक दुरुस्त करण्यात, खाती जोडण्यात आणि पेन्शनचा टेन-डी फॉर्म भरण्यात सात महिने गेले. दर वेळी आमच्यापैकी कोणीतरी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. पेन्शन सुरू झाली. किती? महिना हजार-अकराशे. वाचक म्हणतील, एवढ्याशा पैशासाठी एवढा खटाटोप? १ सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, आणि इतक्या पैशांत घर चालत नाही हे दादांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते आजही गेटवर उभे राहतात. पण दादांच्या मागे वहिनींना विधवा पेन्शन मिळेल, ही आता कागदावर लिहिलेली गोष्ट आहे. पीएफ न भरणाऱ्या कंत्राटदाराविरुद्धही तक्रार दिली आहे. ती लढाई अजून चालू आहे.

गेल्या भेटीला कुरिअरवाले दादा आले. कुणाच्या पगारपत्रकात वर्ष कुठे गळाले, कुणाच्या सेवापुस्तकात जन्मतारीख कशी चुकली, हे ते पूर्वीसारखेच बोट ठेवून दाखवत होते. जेवणे थंड झाली तरी त्यांच्याभोवतीचा घोळका हलत नव्हता.

बंधू-भगिनींनो, आमच्या पिढीला पेन्शनीत निघालेला बाप क्वचितच पाहायला मिळाला. गिरणीतला, गोदीतला, नाक्यावरचा बाप हातपाय थकेपर्यंत राबला आणि एक दिवस घरी बसला. म्हणून निवृत्तीचे कागद कसे असतात, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. ते आता एकमेकांनीच सांगायला हवे. त्यात लाज कसली? ज्याची नोकरी पक्की होती तो जास्त हुशार होता, आणि ज्याची नव्हती तो कमी पडला, असे मुळीच नाही. अनेकदा फरक असतो तो फक्त नेमणुकीच्या तारखेचा.

तेव्हा निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असतील तर आजच कागद काढून बसा. सेवापुस्तक, आधार आणि बँकेच्या पासबुकात नाव व जन्मतारीख एकच आहे का पाहा. नॉमिनीचे नाव तपासा. प्रत्येक जुन्या नोकरीचा पीएफ क्रमांक शोधून वर्षे-महिन्यांची बेरीज स्वतः करा. एजंटाच्या तोंडावर विश्वासून टेन-सीवर सही करू नका. हे सगळे घरातल्या बाईला दाखवून ठेवा, कारण पुष्कळदा शेवटी ते कागद घेऊन तिलाच फिरावे लागते. पेन्शन सुरू झाली असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्या. चेहरा दाखवून तो आता मोबाइलवरही देता येतो. नातवाला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे.

आणि जुने वर्गमित्र भेटणार असाल, तर कोण कोण आले हे मोजून थांबू नका. जो 'ड्युटी आहे' म्हणून येत नाही, त्याच्या घरी जा. जाताना एक पेन्सिल आणि कोरा कागद बरोबर न्या.