दुखण्याची क्रियापदे

मराठीत दात एकाच प्रकारे दुखत नाही. तो ठणकतो, ठुसठुसतो, शिवशिवतो. दाढेतून निघालेली कळ मस्तकात जाते. कैरीने दात आंबतात ते आणखी निराळेच. अर्थच्छटांचे उदाहरण म्हणून ही क्रियापदे मी वर्गात पुष्कळदा फळ्यावर लिहिली आहेत. दंतवैद्याच्या लेखी मात्र त्या निव्वळ छटा नव्हेत. गार पाण्याने क्षणभर शिवशिवून थांबणारा दात बहुधा भरून वाचवता येतो. काही कारण नसता रात्री आपोआप ठणकू लागणाऱ्या दाताची नस बहुधा सावरण्यापलीकडे गेलेली असते. मग रूट कॅनॉल करणे किंवा दात काढणे एवढेच उरते. म्हणजे उपचाराची दिशा बव्हंशी रुग्णाने वापरलेल्या क्रियापदावर ठरते.

माझी धाकटी बहीण अडतीस वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि लहानपणापासून अपस्मारही. तिला कळते पुष्कळ. बोलता येतात ते दहा-बारा शब्द, आणि त्यांत ‘दुखते’ हा शब्द नाही.

अशा माणसांचे दात लवकर बिघडतात याची कारणे अगदी साधी आहेत. बोटांत ब्रश धरवत नाही. जीभ आणि गाल यांची हालचाल नीट नसल्याने घास दातांच्या कडेला तासन्‌तास साचून राहतो. वर्षानुवर्षे गोड सायरपे पोटात जातात. कुणी मदतीला ब्रश तोंडात घातला तर जबडा एकदम आवळला जातो. तो हट्ट नव्हे, प्रतिक्षेप असतो. त्यात फेनिटॉइन हे फिटवरचे जुने औषध पुष्कळांच्या हिरड्या वाढवते. माझ्या बहिणीच्या पुढच्या दातांवर हिरड्या इतक्या चढल्या होत्या की हसताना दातांची नुसती टोके दिसत. मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढे औषध बदलले, पण तोवर बरीच वर्षे गेली होती.

तिने जेवण टाकले, रात्री ओरडू लागली, गालावर मूठ मारू लागली, तेव्हा आम्हाला एका दवाखान्यात उत्तर मिळाले, ‘यांचं असं चालायचंच.’ तोंड उघडून पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. शारीरिक तक्रार अपंगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याच्या या सवयीची वैद्यकशास्त्रानेही दखल घेतलेली आहे. आपल्या समीक्षेला ती अपरिचित नसावी. कृती न वाचता कर्त्याच्या चरित्रावरून अर्थ लावण्याची खोड आपल्याकडेही जुनीच आहे. तिथे फार तर एखाद्या कवितेचे नुकसान होते.

शेवटी आम्ही एका दंत महाविद्यालयात गेलो. आपल्याकडच्या दंतशिक्षणात विशेष गरजा असलेल्या रुग्णांचा विचार मुख्यतः बालदंतचिकित्सेत होतो. त्यामुळे कानशिलावरचे केस पिकू लागलेली माझी बहीण सशाच्या चित्राखाली, पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसली. सशाबद्दल माझी तक्रार नाही. तिला बसायला अन्यत्र जागाच नव्हती, याबद्दल आहे. 1995च्या अपंगत्वविषयक कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते 21 झाले. सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश मिळावा, तपासणीत प्राधान्य मिळावे, असेही तो कायदा सांगतो. दाराशी उतार होता, हे खरे. पण चाकांच्या खुर्चीतून दंतवैद्याच्या खुर्चीत जायचे तर मध्ये चूळ टाकण्याचे भांडे आणि न उचलला जाणारा हात. दोन माणसांनी तिला उचलून आडवे केले.

तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी मात्र पहिल्या मिनिटातच वेगळे काही केले. ‘हिचं वय काय?’ असे मला विचारण्याऐवजी त्या बहिणीकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, आधी मी हे तुमच्या नखावर फिरवून दाखवते.’ आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही मुलांसाठी रूढ असलेली पद्धत. ‘ताई’ आणि ‘तुमच्या’ हे दोन शब्द त्यांनी आपल्या पदरचे घातले. तरीही त्या दिवशी आरशापलीकडे काही तोंडात गेले नाही. बाईंनी आईला आठवडाभर एका वहीत दिसेल ते लिहून आणायला सांगितले.

आई सातवी शिकलेली. तिने लिहिले ते असे:

‘सोमवार. भाकरी नको. आमटी-भात गार करून दिला, खाल्ला. घास डावीकडे.
मंगळवार. रात्री दोनला उठली. उजवा गाल उशीत दाबून.
बुधवार. गार ताक प्याली, शांत. ऊन दूध थुंकली.’

डॉक्टर बाईंनी वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, ‘उजवीकडची दाढ असणार. ऊन लागलं की कळ, गारानं आराम, म्हणजे नस गेलीय.’ पुढे एक्स-रेने तेच दाखवले. ठणकणे हा शब्द वहीत कुठेही नव्हता.

पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सारे काम करावे असे ठरले. शस्त्रक्रियागृहातला दिवस मिळायला दोन महिने लागले, तोवर वेदनाशामके. संमतिपत्रावर सही कोणाची, हाही प्रश्न होताच. अशी व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आईवडीलही आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत; 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. आईने तो कागद पूर्वीच करून ठेवला होता.

दोन दाढा काढल्या, चार दात भरले, हिरड्यांची वाढ छाटली. भुलीतून जागी झाल्यावरही खालचा ओठ काही तास बधिर राहणार होता, आणि बधिर ओठ ती चावून रक्तबंबाळ करील अशी भीती होती. आपलेच दात, आपलेच ओठ, ही म्हण इतक्या शब्दशः घ्यावी लागेल असे मला कधी वाटले नव्हते. आई तिच्या गालाला हात लावून, नजर न हलवता, संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

आता ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली आहे. ती जाड असल्याने बहिणीच्या पकडीत राहते. पुढचे दात ती स्वतः घासते, मागचे आई. वही अजून चालू आहे. परवा सहज उघडली, तर शेवटची नोंद होती: ‘शुक्रवार. भाकरीचा पापुद्रा मागितला. दोन्हीकडून चावला.’