आवाज गेला कुठे?

मंडळी, आमच्या वयात घरातला लॅपटॉप मुका झाला की पहिला संशय यंत्रावर जात नाही, स्वतःच्या कानावर जातो. मग माणूस गप्प बसतो, कुणाला सांगत नाही. म्हणून आज हे जरा सविस्तर लिहितोय.

मी काही कॉम्प्युटरवाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून बरीच मराठी सरकारी कुटुंबं इकडे आली, त्यातलं एक आमचं. टी.टी. नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, हमीदिया कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि बँकेत लागलो. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. त्याआधी सगळं हातानं. संध्याकाळी मेळ जमला नाही तर घर विसरा! पण जुने हेडक्लार्क सांगायचे, सगळं पुन्हा जोडत बसू नका. फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. नाहीतर फरकाचं निम्मं करा आणि त्या रकमेचं व्हाउचर शोधा. नावे टाकायचं ते जमेला पडलं असेल. थोडक्यात, चूक कुठे नाही ते आधी ठरवा. ही सवय मला लॅपटॉपच्या बाबतीतही उपयोगी पडते.

आमच्या ओळखीचे एक नाना आहेत. वय ८३, भेलमधून निवृत्त, साकेत नगरला एकटेच राहतात. मुलगी मेलबर्नला. दर रविवारी सकाळी ती व्हिडिओ कॉल करते. कानाला मशीन लावून मोबाइल धरला की शिट्टी वाजते, म्हणून नानांचा सगळा भरवसा लॅपटॉपवर. दिवाळीनंतर तीन रविवार तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. तिला मात्र यांचं सगळं ऐकू जात होतं. ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या. तिसऱ्या रविवारी नानांनी मुलीला सांगून टाकलं, "बाळ, आता माझे कान संपले. तू आपली चिठ्ठी लिहीत जा."

हे मला कळलं ते तिनेच फोन करून सांगितलं म्हणून. "काका, बाबा हल्ली कॉलच घेत नाहीत. एकदा जाऊन बघाल का?"

गेलो. आधी कानाचा हिशेब. टीव्हीवर बातम्या लावल्या. नानांना नेहमीसारख्या ऐकू आल्या. म्हणजे कान जसे होते तसेच. मग लॅपटॉपवर भीमसेनजींचा एक अभंग लावला. शांतता. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुली नव्हती, वरच्या रांगेतलं म्यूटचं बटण दाबलेलं नव्हतं, आवाज ८० वर. साउंडच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे एक पट्टी असते, आवाज चालू असला की ती खालीवर होते. ती व्यवस्थित नाचत होती!

मी म्हटलं, "नाना, आवाज निघतोय. फक्त दुसऱ्याच्या खात्यात जमा होतोय."

आवाज कुठून बाहेर पाडायचा याची यादी तिथेच असते. त्यात लॅपटॉपच्या स्पीकरऐवजी भलतंच नाव निवडलेलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "अंकलजी, भजन तो पूजावाले कमरे में बज रहा है. दीदी की आवाज़ भी इतवार को वहीं से आती है."

नातवाने दिवाळीत आणलेला रंगीत दिव्यांचा ब्लूटूथ स्पीकर देवघरात होता. बाई रोज दिवा लावताना त्याचंही बटण दाबायच्या, दिवे छान दिसतात म्हणून. स्पीकर चालू झाला की लॅपटॉपला आपोआप जोडला जायचा. तीन रविवार मुलगी देवांशी बोलत होती!

यादीत लॅपटॉपचा स्पीकर निवडला, ब्लूटूथ बंद केलं. नाना काही बोलले नाहीत. घड्याळ बघून म्हणाले, "तिकडे आता दुपार असेल ना?" आणि कॉल लावला. मी बाईंबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम असा ठेवा. पहिलं, म्यूट आणि आवाजाची पातळी. दुसरं, एकाच कार्यक्रमाचा आवाज गेलाय की सगळ्यांचा. एकाचाच असेल तर त्या कार्यक्रमाच्या आत बघा. तिसरं, आवाज कुठल्या यंत्राकडे चाललाय. ब्लूटूथ, टीव्हीची वायर, इअरफोन सगळं काढा. चौथं, बंद करून पुन्हा सुरू करा. पाचवं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. विंडोज सहसा तो स्वतःच परत बसवतं. एवढं करूनही इअरफोनमधून आवाज येतोय आणि स्पीकरमधून नाही, तर स्पीकर किंवा इअरफोनची खाच बिघडलेली असू शकते. दुकानाची पायरी तेव्हा चढा.

आणि बँकवाला म्हणून एक सांगतोच. "आम्ही दुरून दुरुस्त करतो, हे ॲप टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. स्क्रीन कुणाच्या हाती देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आपल्या ओळखीत एकटे राहणारे कुणी हल्ली "मला ऐकूच येत नाही" म्हणून फोन टाळत असतील, तर एकदा घरी जाऊन या. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ते जाच, पण यंत्रही बघा. आणि घरात काम करणाऱ्या बाईंना विचारायला विसरू नका. त्यांना बरंच ऐकू येत असतं.