गणितं येत्यात की सर

रविवारी जोतिबाच्या डोंगरावर दुपारपर्यंत कुणाला बोलायला सवड नसते. गर्दी ओसरली की मी पायऱ्यांलगतच्या एका नारळ-गुलालाच्या दुकानात जाऊन बसतो. दुकानवाल्या मावशींचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. चौथीत असताना मी त्याला शिष्यवृत्तीला बसवलं होतं. (तेव्हा ती परीक्षा चौथीला असायची, नंतर ती पाचवीला गेली.)

आज तो 27 वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 28. म्हणजे हातात फार संधी उरलेल्या नाहीत.

मैदानी चाचणीचं त्याला भय नाही. रोज पहाटे घाट पळत चढणाऱ्या पोराला 1600 मीटर म्हणजे काय! अडतं ते लेखीत. 100 प्रश्न, 90 मिनिटं. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. 40 गुणांना पास म्हणतात, पण यादीत यायला 40 चा काय उपयोग? मागच्या भरतीत हा चार गुणांनी बाहेर राहिला.

"गणितं येत्यात की सर, पर येळच पुरत न्हाई."

हे वाक्य इतक्या पोरांकडून ऐकलंय, की खरं सांगतो, मला ती सबबच वाटली. म्हटलं, एक जुना पेपर माझ्यासमोर सोडव. मोबाईलवर वेळ लावली.

मध्येच गिऱ्हाईक आलं. 35 चा एक असे तीन नारळ, 20 चा गुलाल, हातात 500 ची नोट. यानं पेपरावरची नजर न काढता 375 परत दिले. आणि पुढचाच प्रश्न होता, 240 चे 35 टक्के किती? तर हा गडी 240 गुणिले 35 छेद 100 मांडून, शून्याला शून्य उडवून, खाली गुणाकार करत बसला. दीड मिनिट गेलं.

"हेच दुकानात कसं केलं असतंस?"

"धा टक्के 24. तीस म्हंजे 72. पाचाचे 12. झाले 84."

"मग इथं का नाही केलंस?"

"तुम्हीच म्हणायचा की सर, रीत मांडल्याशिवाय गुण न्हाईत."

मावशी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढं एका बैठकव्यवस्थेच्या प्रश्नावर तो सात मिनिटं अडला. गोल टेबलाभोवती आठ माणसं, कोण कुणाच्या डावीकडे वगैरे. सोडून पुढं जा म्हटलं तर पेन हलेना. तीही माझीच शिकवण होती. प्रश्न क्रमानं सोडवा, मध्ये जागा सोडू नका. वर्गात ही शिस्त मी का लावली, आठवून बघितलं. मुलांच्या भल्यासाठी कमी, वह्या तपासायला सोप्या जाव्यात म्हणून जास्त. रीत मांडायला लावणं चुकीचं नव्हतं, आजही मी लावतोच. पण रीत कुठं मांडायची आणि कुठं मनात ठेवायची, हे मी कधी सांगितलंच नाही.

माझ्या बहिणीनं 2023 मध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली. 200 प्रश्न, 120 मिनिटं. एका प्रश्नाला 36 सेकंद! तिची पद्धत आम्ही उचलली. पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत थोडं लिहावं लागणारे, आणि टेबलाभोवतीची आठ माणसं सगळ्यात शेवटी. यात एक धोका आहे, तो पालकांनीही लक्षात ठेवावा. प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेवरचा गोलही सोडावा लागतो. पहिल्याच सरावात याचे सलग अकरा गोल एकेक घर वर सरकले होते.

दुसरं काम चुकांच्या वहीचं. तीन रकाने आखले. येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, आणि प्रश्न नीट वाचला नाही. मला वाटलं पहिला रकाना भरेल. भरला तिसरा. 'अयोग्य नसलेला पर्याय निवडा' असं आलं की हा अयोग्य पर्याय निवडून मोकळा. चौकोनी उत्तर मिळालं की प्रश्नात परिमिती विचारली होती का क्षेत्रफळ, हे बघायचंच नाही. ही गणिताची कमजोरी नाही, वाचनाची आहे, आणि ती जाडजूड गाईड विकत घेऊन जात नाही. आता तो 'नाही', 'नसलेला', 'वगळता' असे शब्द दिसले की आधी त्यांच्याखाली रेघ ओढतो.

चैत्र यात्रेच्या दिवसांत सराव बंद होता. सासनकाठ्या डोंगरावर आल्या की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर पुन्हा सुरू केलं. गेल्या रविवारी 90 मिनिटांत 91 प्रश्न झाले, त्यातले 78 बरोबर. कागदावर जागोजागी गुलालाचे अंगठे उठले होते.

इकडं वर्गात शिष्यवृत्तीचा सराव चालू आहे. परवा एका मुलीनं तीन प्रश्न कोरे ठेवले आणि पुढं गेली. सवयीनं माझा आवाज चढणारच होता. तिनंच वर बघितलं.

"सर, मागनं येतो म्हटलं तर चालतंय न्हवं?"

"चालतंय," म्हटलं, "फक्त गोल जपून रंगव."