राणीच्या बागेतील चितळांची वेळ

लालबागहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात भायखळ्याची राणीची बाग येते. १८६२ साली खुली झालेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. ऑक्टोबरातील एका भर दुपारी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि नातीला घेऊन मी तेथे गेलो.

चितळांचा कळप सावलीत पाय मुडपून रवंथ करीत बसला होता. एकही हलेना, म्हणून नात हिरमुसली. वास्तविक त्यांचे ते शहाणपणच होते. हरणांना माणसासारखा भरपूर घाम येत नाही. अंगातील उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतात. म्हणून जंगलातही चितळ सकाळ-संध्याकाळी चरतात आणि उन्हाच्या वेळी विसावतात. सांबर तर चिखलात लोळून अंग थंड करते.

अण्णा मात्र उन्हातच उभे होते. पाणी पुढे केले, तर म्हणाले, “नको, मग लघवीला जागा शोधत कोण फिरणार? साचेखात्यातला उकाडा सोसलाय मी, हे ऊन काय करणार?” सूत तुटू नये म्हणून गिरणीतील हवा मुद्दाम दमट ठेवीत, त्या दमटपणात त्यांचे तारुण्य गेले. परंतु काही क्षणांतच त्यांना भोवळ आली आणि त्यांनी कठडा घट्ट धरला. सावलीत बसवून, ओला रुमाल मानेवर ठेवून, घोटघोट पाणी पाजल्यावर त्यांना बरे वाटले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, प्रमाण डॉक्टरांना विचारावे. बाहेर पडताना स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. म्हणजे पाणी टाळण्याचे कारण उरत नाही. उन्हात असंबद्ध बोलणे, अंग तापणे किंवा शुद्ध हरपणे दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पुढच्या खेपेस आम्ही साडेचारला गेलो. ऊन कलले होते. चितळ उठून चारा खात होते, पाडसे बागडत होती. नात टाळ्या पिटू लागली. अण्णा बाकावर बसून, न सांगता बाटलीतले पाणी पीत होते.

कळपाकडे पाहत ते म्हणाले, “आमची पाळी भोंग्यावर ठरायची. ह्यांना बघ, भोंगा लागत नाही.”

“आणि आता तुम्हाला, अण्णा?”

ते हसले आणि बाटली पुन्हा तोंडाला लावली.